आठ बाइटची ओळ

०१ ०३ ०० ०० ०० ०ए सी५ सीडी

एवढीच ती ओळ. सोळाच्या पायातले अंक आहेत, म्हणून नऊनंतर ए, बी, सी अशी अक्षरं येतात. कारखान्यातल्या एखाद्या पॅनेलमध्ये बसलेला, यंत्रं चालवणारा पीएलसी दोन तारांवरून ही ओळ सोडतो आणि एक नंबरच्या उपकरणाला सांगतो, तुझी पहिली दहा रजिस्टरं वाचून दाखव. ते उपकरण मोटरचा वेग सांभाळणारा व्हीएफडी असेल, विजेचा मीटर असेल किंवा भट्टीचा टेम्परेचर कंट्रोलर असेल. ९६०० बॉड रेटला ही ओळ म्हणायला सव्वानऊ मिलिसेकंदही लागत नाहीत. दिवसातून हजारो वेळा ती म्हटली जाते आणि तिच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. लक्ष जातं ते कंट्रोल रूममधल्या स्काडाच्या पडद्यावर ‘कम्युनिकेशन फेल’ची लाल पट्टी उमटते आणि कुणी खुर्चीतून उठायच्या आत पुसलीही जाते तेव्हा.

जाऊन-येऊन असणारा हा बिघाड मेंटेनन्सवाल्यांच्या सगळ्यात नावडीचा. तार पुरती तुटली असेल तर मीटर लावून ती शोधता येते. जाणारं-येणारं कम्युनिकेशन मात्र माणूस पॅनेल उघडून उभा राहिला की सुरळीत चालू लागतं. मग ‘नॉइज असेल’ असं म्हणून केबल बदलतात, कार्ड बदलतात, सगळे स्क्रू एकदा आवळतात, आणि पुढच्या आठवड्यात पट्टी पुन्हा येते. माझं म्हणणं असं की, हा बिघाड शोधायची खरी रीत रसिक वाचकाची आहे. ओळ समोर ठेवायची, शब्दाशब्दावर थांबायचं, आणि ती नेमकी कुठे मोडली ते पाहायचं. कारण ती मोडते तेव्हा मनाला येईल तशी मोडत नाही. प्रत्येक कारणाची तिला मोडायची जागा ठरलेली असते.

ओळीचा काळ आधी सांगायला हवा. मॉडबस नावाची ही भाषा अमेरिकेतल्या मॉडिकॉन कंपनीने १९७९ मध्ये आपल्या पीएलसींसाठी प्रसिद्ध केली. आज ती ज्या जोडतारेवर सर्रास धावते त्या आरएस-४८५चं मानक मात्र १९८३चं. म्हणजे भाषा तारेपेक्षा चार वर्षांनी मोठी आहे. तार कशी असेल हे गृहीत न धरता ती रचली गेली, आणि आपण पाहणार आहोत त्यांतले पुष्कळ बिघाड या भाषेच्या आणि तारेच्या सांध्यात सापडतात. २००४ मध्ये तिचे हक्क मॉडबस ऑर्गनायझेशन या संस्थेकडे गेले. भाषा सोपी आणि कुणालाही खुली, त्यामुळे दर उत्पादकाने ती आपापल्या उच्चारात म्हटली.

आता शब्द घेऊ. पहिला ०१ हा ज्याला हाक मारायची त्याचा पत्ता. पत्ते १ ते २४७. शून्य हा सगळ्यांना उद्देशून, आणि त्या हाकेला कुणीच उत्तर द्यायचं नाही असा संकेत आहे. हाक कुणी मारली हे मात्र ओळीत कुठेच नाही. बोलायला सुरुवात करणारा तारेवर एकच, तो म्हणजे मास्टर, या विश्वासावर ओळ उभी आहे. बिघाड शोधायला आलेल्या कुणी लॅपटॉप त्याच तारेला जोडून दुसरा मास्टर उभा केला, तर दोघांच्या हाका एकमेकींत मिसळतात आणि ओळीला ते कळायची काही सोय नाही. शोधणाऱ्याच्या हातून नवा बिघाड जन्मतो तो असा.

दुसरा ०३ हे क्रियापद : होल्डिंग रजिस्टर वाच. पुढचे ०० ०० म्हणजे कुठून, आणि ०० ०ए म्हणजे किती, तर दहा. मॅन्युअलमध्ये ४०००१ म्हणून छापलेलं रजिस्टर ओळीत शून्य होतं, आणि त्यात चूक झाली की ती कायम राहते. ती आपल्या विषयाबाहेरची आहे. विषयातले आहेत ते शेवटचे दोन शब्द, सी५ आणि सीडी.

हा सीआरसी. आधीच्या सहा बाइटवर ठरलेलं गणित केलं की एक १६ बिटांची संख्या येते, ती इथे सीडीसी५ आहे. पाठवताना तिचा मागचा अर्धा भाग पुढे येतो. रजिस्टरचे आकडे मोठ्या बाइटपासून लिहायचे आणि सीआरसी लहान बाइटपासून, अशा दोन उलट चाली एकाच ओळीत आहेत. ऐकणारं उपकरण तेच गणित स्वतः करतं आणि दोन्ही संख्या ताडून बघतं. डेटातल्या सलग १६ बिटांपर्यंतची इजा या गणिताच्या नजरेतून सुटत नाही. अगदीच रँडम कचरा आला, तर तो खरा वाटण्याची शक्यता ६५,५३६ मध्ये एक.

मला ही ओळ आवडते ती पुढच्या गोष्टीसाठी. गणित जुळलं नाही तर उपकरण काय करतं? काहीच करत नाही. ‘पुन्हा सांग’ असंही म्हणत नाही. यामागे विचार आहे. ओळ दुखावलेली असेल तर तिच्यातला पत्तासुद्धा दुखावलेला असू शकतो. मग ‘पुन्हा सांग’ कुणी म्हणायचं? ज्याला हाक नव्हती तोही म्हणेल, दोघं-तिघं एकदम बोलतील, आणि एका मोडक्या ओळीच्या जागी चार होतील. म्हणून ओळ पूर्ण कळली तरच बोलायचं, नाहीतर गप्प बसायचं. ओळ नीट कळली पण मागितलेलं रजिस्टरच नाही, अशा वेळी उपकरण स्पष्ट नकार देतं : ०१ ८३ ०२ आणि मागोमाग त्याचा सीआरसी. ०३ मधला सगळ्यात वरचा बिट उभा केला की ८३ होतं, आणि ०२ म्हणजे असा पत्ता माझ्याकडे नाही. नकार आणि मौन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे भान या छोट्या भाषेला आहे. बिघाडाचं सगळं वाचन या भानावर उभं आहे.

शब्द संपले, पण ओळ संपली नाही. तिची यती अजून राहिली. या भाषेत ‘इथे सुरू’, ‘इथे संपलं’ अशा खुणा नाहीत. पूर्णविराम नाही, दंड नाही. निदान साडेतीन अक्षरांच्या वेळेइतकी शांतता पसरली की आधीची ओळ संपली, हा नियम. एक अक्षर म्हणजे अकरा बिट : एक स्टार्ट, आठ डेटाचे, एक पॅरिटी, एक स्टॉप. ९६०० ला एक बिट १०४ मायक्रोसेकंदांचा, म्हणून अक्षर १.१५ मिलिसेकंदांचं आणि यती जेमतेम ४ मिलिसेकंदांची. ओळीच्या पोटात दीड अक्षराहून जास्त थांबलं तरी ओळ बाद. १९,२०० च्या पुढच्या वेगांना प्रमाण सोडून ठरीव वेळा दिल्या आहेत, १.७५ मिलिसेकंद आणि ७५० मायक्रोसेकंद.

छंदात यती चुकली की शब्द सगळे बरोबर असूनही ओळ पडते. इथेही तेच होतं. मास्टरच्या जागी साधा संगणक असेल आणि पाच बाइट पाठवल्यावर ऑपरेटिंग सिस्टीमला मध्येच दुसरं काम आठवलं, तर पाचव्या आणि सहाव्या बाइटमध्ये तीन-चार मिलिसेकंदांची खिंड पडते. आठही बाइट शाबूत, सीआरसी अचूक, तरीही उपकरण गप्प. सौम्य स्वभावाची उपकरणं ही खिंड चालवून घेतात, नियमाचं काटेकोर पालन करणारं एखादंच रुसतं. लोक ते उपकरण बदलतात. नवंही त्याच कंपनीचं, तितकंच काटेकोर. मग तारेवर संशय घेतात. दोष ऐकणाऱ्यात नाही, तारेतही नाही. तो म्हणणाऱ्याच्या श्वासात आहे, आणि ओळीतल्या मधल्या जागा मोजल्याशिवाय तो दिसत नाही.

आता तार. आरएस-४८५ मध्ये एकमेकींना पीळ दिलेल्या दोन तारा असतात, आणि एकीच्या तुलनेत दुसरीचा दाब वर की खाली एवढंच वाचायचं असतं. फरक २०० मिलिव्होल्टच्या वर असला तर एक अर्थ, उणे २०० च्या खाली असला तर दुसरा. मधल्या पट्ट्यात काय वाचावं हे मानक सांगत नाही. कुणीतरी बोलत असताना ही अडचण नसते, कारण बोलणाऱ्याने निदान दीड व्होल्ट तरी द्यावा अशी अट आहे. प्रश्न शांततेचा. बोलणारा बाजूला झाला की तारेला कुठल्याच बाजूला ढकलणारं कुणी नसतं, फरक शून्यावर येतो, आणि शून्य नेमकं त्या संदिग्ध पट्ट्यात आहे. ज्या शांततेवर सगळी ओळ तोलली, तीच तारेला नीट म्हणता येत नाही!

यावर उपाय बायसिंगचा. ५ व्होल्टच्या पुरवठ्यातून ५६० ओहमचे दोन रेझिस्टर लावून शांत तारेला एका बाजूला हलकेच झुकवून ठेवायचं. तारेच्या दोन टोकांना १२० ओहमची दोन टर्मिनेशन असतात, ती मिळून ६० ओहम. हिशेब केला तर शांत तारेवर साधारण २५४ मिलिव्होल्ट मिळतात, २०० च्या सुरक्षित वर. आता समजा, त्याच तारेवर मधोमध नवा व्हीएफडी बसवला, आणि त्याच्या आतला टर्मिनेशनचा छोटा स्विच कारखान्यातून आला तसाच चालू राहिला. १२० ओहमचं तिसरं टर्मिनेशन लागलं, ६० चे ४० झाले, आणि २५४ चे १७२ मिलिव्होल्ट झाले. शांतता संदिग्ध पट्ट्यात घसरली. कुठे मोटर सुरू झाली, कुठे कॉन्टॅक्टर पडला की त्या शांततेत एखादा खोटा स्टार्ट बिट उमटतो आणि खऱ्या ओळीच्या आधी एक भुताचं अक्षर चिकटतं. ऐकणाऱ्याला आठच्या जागी नऊ बाइट मिळतात, पत्त्याच्या जागी भूत बसतं, सीआरसी जुळत नाही, आणि उपकरण नियमाप्रमाणे गप्प. शून्य व्होल्टलाही शांतताच समजणारे नव्या बनावटीचे ट्रान्सीव्हर ज्या उपकरणांत आहेत ती सुखरूप राहतात, जुनी दोन-तीन अडखळतात. ‘नवा ड्राइव्ह बसवला आणि जुने मीटर बिघडले’ ही तक्रार ऐकणाऱ्याला योगायोग वाटते. ओळीच्या आधीचं ते एक जादा अक्षर पाहिलेल्याला ती तीन रेझिस्टरांची साधी बेरीज वाटते.

ओळ मोडायच्या बाकी जागाही अशाच बोलक्या असतात. आपल्या प्रश्नाला येणारं उत्तर ०१ ०३ १४ असं सुरू व्हायला हवं. १४ म्हणजे वीस बाइट, दहा रजिस्टरांचे. ते ०३ १४ असं सुरू झालं, डोकंच गेलं, तर उत्तर देणारा बोलू लागला तेव्हा विचारणाऱ्याने तार अजून सोडलेली नव्हती. प्रश्न संपल्यावर आपला ड्रायव्हर बंद करायला मास्टरच्या बाजूच्या कन्व्हर्टरने उशीर केला. उलट, शेवटचा सीडी अर्धवट उमटला तर त्याने घाई केली, शेवटचं अक्षर तोंडात असतानाच तार सोडली. उत्तराच्या मागे एक निरर्थक ०० चिकटलेलं दिसलं, तर बोलणं संपल्यावर तार शून्यावर गेली आणि तिला झुकवणारं कुणी नव्हतं. पुन्हा बायसिंग.

जखम प्रत्येक अक्षराच्या शेपटीला असेल, म्हणजे सुरुवातीचे बिट नेहमी बरोबर आणि शेवटचे बिट किंवा स्टॉप बिट चुकलेले, तर दोघांची घड्याळं जुळत नाहीत. ऐकणारा स्टार्ट बिटपाशी घड्याळ लावतो आणि मग प्रत्येक बिटच्या मध्यावर नजर टाकत जातो. अकराव्या बिटपर्यंत पोचताना अर्ध्या बिटची चूक साचली की संपलं. ढोबळ हिशेबाने दोन घड्याळांत साडेचार टक्क्यांचा फरक एवढं करायला पुरतो. उपकरणात क्रिस्टलच्या ऐवजी स्वस्तातला आरसी ऑसिलेटर असेल आणि पॅनेल मे महिन्याच्या उन्हात तापत असेल, तर हा बिघाड दुपारी येतो आणि संध्याकाळी जातो. त्याला कुणी ‘उष्णतेमुळे कनेक्शन लूज होतं’ म्हणतं, पण लूज कनेक्शन अक्षराची शेपटी निवडून चावत नाही.

जखमा ओळभर विखुरलेल्या, पण ठरावीक अंतरावर असतील तर व्हीएफडीकडे पाहावं. त्याचे ट्रान्झिस्टर मोटरला सलग वीज देत नाहीत, तुकड्यातुकड्याने देतात. कॅरियर, म्हणजे या तुकड्यांचा वेग, ४ किलोहर्ट्झ असेल तर ठेका २५० मायक्रोसेकंदांचा. प्रत्येक तुकड्याची कड इतकी तीव्र असते की मोटरच्या केबलमधून जमिनीकडे करंटचा झटका जातो, आणि परत यायला त्याला कम्युनिकेशन केबलची शील्ड सोयीची पडली तर तो तिथून येतो. ऑसिलोस्कोपवर बिटांच्या चौकटींवर साधारण अडीच-अडीच बिटांच्या अंतराने काटे उभे दिसतात. एखादा काटा बिटच्या मध्यावर, नजर टाकायच्या क्षणीच आला, तरच चूक होते. म्हणून शंभरांत चार-दोन ओळी मोडतात आणि बाकीच्या पोचतात. मोटर थांबली की सगळं सुरळीत.

आणि दूरच्या एका पॅनेलमधली सगळीच उपकरणं एकदम गप्प होऊन एकदम परत येत असतील, तर तिसऱ्या तारेची चौकशी करावी. दोन तारांवर फरक वाचायचा म्हटलं तरी दोन्ही तारा ऐकणाऱ्याच्या जमिनीपासून उणे ७ ते अधिक १२ व्होल्टच्या आत राहायला हव्यात. दोन शेडच्या अर्थिंगमध्ये वेल्डिंग सुरू होताच जास्त फरक पडला, तर ही हद्द ओलांडली जाते. मॉडबसच्या तपशिलात दोन तारांबरोबर तिसरी, कॉमनची तार सांगितलेली आहे. प्रत्यक्षात ‘दोन तारांचं कम्युनिकेशन’ एवढंच ऐकून ती बहुतेकदा गाळली जाते.

केबल लांब आहे, टोकाला टर्मिनेशन नाही, म्हणून परावर्तन होतंय, हे निदानही फार ऐकू येतं. त्याचाही हिशेब करावा. पिळाच्या तारेत संकेत मीटरभर जायला साधारण ५ नॅनोसेकंद घेतो. शंभर मीटर जाऊन परत यायला एक मायक्रोसेकंद. ९६०० चा बिट १०४ मायक्रोसेकंदांचा, म्हणजे मध्यावर नजर पडेपर्यंत पाच-पंचवीस प्रतिध्वनी विरून गेलेले असतात. तिथे परावर्तनाला दोष देणं व्यर्थ. तीच तार १,१५,२०० वर चालवली तर बिट ८.७ मायक्रोसेकंदांवर येतो, आणि तोच प्रतिध्वनी खरा गुन्हेगार ठरू शकतो. वेग वाढवल्यावर सुरू झालेला बिघाड आणि वेग न बदलता सुरू झालेला बिघाड वेगळे वाचावे लागतात ते यासाठी.

रसग्रहण म्हणजे नुसती स्तुती नव्हे, दोषही दाखवायला हवा. या ओळीतला सगळ्यात गहिरा दोष तिच्या उत्तरात आहे. उत्तरात पत्ता आहे, क्रियापद आहे, बाइट किती ते आहे, आकडे आहेत, सीआरसी आहे. कोणत्या रजिस्टरांचं हे उत्तर, ते मात्र नाही. उत्तराला प्रश्न आठवत नाही. एरवी हे खपतं, कारण एका प्रश्नामागे एकच उत्तर येतं. पण समजा, विजेच्या मीटरला आधी व्होल्टेजची दहा रजिस्टरं विचारली. मीटर एरवी ३० मिलिसेकंदांत बोलतो. त्या क्षणी तो आपली नोंद मेमरीत लिहीत होता, त्याला २३० लागले. मास्टरची वाट पाहायची मर्यादा २०० ची. त्याने आशा सोडली आणि पुढचा प्रश्न टाकला : करंटची दहा रजिस्टरं दे. तेवढ्यात पहिल्या प्रश्नाचं उत्तर आलं. पत्ता बरोबर, क्रियापद बरोबर, वीस बाइट, सीआरसी अचूक. मास्टरने ते करंट म्हणून लिहून घेतलं. पडद्यावर क्षणभर ४१५ अँपिअर दिसले, अलार्म वाजला, आणि पुढच्या फेरीत सगळं ठीक झालं.

इथे कुठलीच ओळ मोडलेली नाही. सीआरसीची एकही चूक नाही. लोक करंट ट्रान्सफॉर्मर तपासतात, मोटरचं इन्सुलेशन मेगरने तपासतात. ज्याला ४१५ हा आकडा पाहताच ‘हे तर आपलं व्होल्टेज’ असं वाटलं, त्याचाच तपास पुढे जातो. उपाय तर फारच लोभस आहे. टाइमआउट वाढवायचा, नवा प्रश्न टाकण्याआधी बफर रिकामा करायचा, आणि दोन प्रश्नांची लांबी मुद्दाम वेगळी ठेवायची. एकदा दहा रजिस्टरं, एकदा अकरा. मग उशिरा आलेलं उत्तर स्वतःच्या लांबीवरून ओळखू येतं. ओळीने जे सांगायचं टाळलं ते तिच्या मापातून वदवून घ्यायचं. पुढे मॉडबस इथरनेटवर गेला तेव्हा हा दोष दूर झाला. मॉडबस टीसीपीच्या ओळीला सुरुवातीलाच दोन बाइटचा व्यवहार क्रमांक असतो आणि उत्तरात तोच परत येतो. सीआरसी तिथे गळला, कारण ती राखण खालच्या थरांनी घेतली.

ओळ वाचायची कशी, यातही फसगत आहे. तारेवर यूएसबी कन्व्हर्टर लावून लॅपटॉपवर बाइट पाहणं सगळ्यात स्वस्त. पण एका लोकप्रिय यूएसबी चिपची मूळ सेटिंग अशी की, आलेले बाइट ती १६ मिलिसेकंदांपर्यंत साठवून मग पुढे देते. आपली यती ४ मिलिसेकंदांची. त्यामुळे शब्द खरे दिसतात, यती खोटी दिसते, आणि यतीतला बिघाड शोधणारा नेमका फसतो. मधल्या जागा वाचायला ऑसिलोस्कोप किंवा लॉजिक अॅनालायझर हवा, आणि लॅपटॉपने फक्त ऐकायचं, बोलायचं नाही.

ऐकणाऱ्याच्या बाजूचा पाठ मिळवायचीही सोय रचनाकारांनी ठेवली आहे. फंक्शन ०८ हे निदानाचं क्रियापद. त्याच्या पोटात उपकरणाला विचारता येतं : तारेवर एकूण किती ओळी ऐकल्यास, त्यांतल्या किती मोडक्या होत्या, किती तुझ्यासाठी होत्या, किती वेळा गप्प राहिलास. उपकरण गप्प बसलं तरी आपल्या मौनाचा हिशेब ठेवतं. साखर कारखान्यात मिल हाऊसपासून बॉयलरपर्यंत गेलेल्या तारेवर एकेका उपकरणाला हे विचारत गेलं, आणि पाचव्यापर्यंत मोडक्या ओळी शून्य, सहाव्यापासून पुढे वाढत्या निघाल्या, तर बिघाड पाचव्या आणि सहाव्यामध्ये आहे. एकही स्क्रू न आवळता हे कळतं. ते महत्त्वाचं, कारण स्क्रू आवळला की पुरावा नाहीसा होतो आणि बिघाड दोन आठवड्यांची रजा घेऊन परत येतो. दुर्दैव एवढंच की पुष्कळ उत्पादक हे क्रियापद आपल्या उपकरणाला शिकवतच नाहीत.

ओळी जपून न वाचल्या तर काय होतं, याचं मोठं उदाहरण अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या ब्राउन्स फेरी अणुवीज केंद्राचं. भाषा आणि तार दोन्ही वेगळ्या, नेटवर्क इथरनेटचं. १९ ऑगस्ट २००६ रोजी तिसऱ्या युनिटचे दोन्ही रीसर्क्युलेशन पंप गेले आणि चालकांना अणुभट्टी हाताने बंद करावी लागली. पंपांच्या व्हीएफडींचे कंट्रोलर प्रतिसाद देईनासे झाले होते, आणि त्याच नेटवर्कवरचा, पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेचा एक पीएलसीही बिघडला होता. अमेरिकेच्या अणु नियामक आयोगाने एप्रिल २००७ मध्ये काढलेल्या २००७-१५ क्रमांकाच्या माहितीपत्रात कारण म्हणून नेटवर्कवरच्या अतोनात गर्दीकडे बोट दाखवलं. पण पीएलसी बिघडल्यामुळे गर्दी झाली, की दुसरीकडून आलेल्या गर्दीने पीएलसी आणि ड्राइव्ह दोन्ही पाडले, याचा निर्णायक निकाल लागला नाही. उपाय म्हणून कंट्रोलरांपुढे गर्दी अडवणाऱ्या फायरवॉल बसवल्या गेल्या. उपाय योग्यच. पण आधी कोण बोललं आणि नंतर कोण, हा प्रश्न ओळींच्या क्रमाचा असतो, आणि तो क्रम घटना घडून गेल्यावर अनुमानाने रचता येत नाही.

म्हणून माझी तक्रार तारेविरुद्ध किंवा ओळीविरुद्ध नाही. ती त्या लाल पट्टीविरुद्ध आहे. उपकरण गप्प राहिलं, उत्तर आलं पण सीआरसी चुकला, उत्तर भलत्याच लांबीचं आलं, उपकरणाने स्वच्छ नकार दिला, या चार गोष्टी आहेत आणि चारांची कारणं चार दिशांना जातात. मास्टरच्या ड्रायव्हरला त्या चारही वेगळ्या दिसतात. पण पडद्यापर्यंत येताना कुणीतरी त्यांचा सारांश करतं आणि आपल्या हाती ‘कम्युनिकेशन फेल’ एवढंच येतं. कवितेचा सारांश वाचून कविता कळत नाही हे आपण शाळकरी गाइडांवर चिडून म्हणतो. कंट्रोल रूममध्ये मात्र तसल्याच गाइडवर भट्ट्या आणि बॉयलर चालवतो.

दुरुस्ती महाग नाही. दर उपकरणामागे चार काउंटर, आणि प्रत्येक चुकीला तारीख-वेळ. वीस उपकरणं असली तर ऐंशी आकडे, आजच्या पीएलसीच्या मेमरीत ते कुठल्या कुठे मावतात. शेजारी त्या वेळी कोणती मोटर चालू होती, कोणतं वेल्डिंग सुरू होतं, पॅनेलचं तापमान किती होतं, याची नोंद ठेवली की बिघाडाचा सोबती सापडतो, आणि बहुतेकदा सोबतीच कारण असतो. स्काडाची ऑर्डर देताना तपशिलाच्या कागदावर एवढं एक कलम घालावं. ते नसेल तर पुढची दहा वर्षं प्रत्येक शिफ्टला केबलच बदलत राहावी लागेल.